गोळी झाडून झाल्यावर खेळ सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या पाच जणांच्या गटाला इंग्रजी अमलाविरुद्धच्या लढ्यावर आरपीजी चालवायचा आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे आणि गप्पांतून गोष्ट रचायचा खेळ. साल 1909, गाव नाशिकच, पात्रं गुप्त मंडळातली. पण दुसऱ्याच सेशनला त्यांनी कलेक्टरवर गोळ्या झाडल्या आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचेना. सोबत तीन जोडप्रश्न आहेत: नियम कुठले घ्यावेत, खरा इतिहास बदलला तर चालतो का, आणि जीएमच्या (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) चौदा वर्षांच्या धाकट्या बहिणीला टेबलावर बसवावं का.

मी बरीच वर्षं मराठीतून असे खेळ चालवतोय, त्यातले बरेचसे आपल्याच जिल्ह्यातल्या गोष्टींवर. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

गोळी झाली ना, उत्तम झालं. आता खेळ सुरू करा. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग होता, बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून. अनंत कान्हेरेनं तिथं गोळ्या झाडल्या आणि तो जागीच पकडला गेला. गोळीबाराला काही क्षण लागले असतील. त्यानंतरचे चार महिने मात्र अख्ख्या नाशिकच्या अंगावर आले. झडत्या, अटका, जबान्या, पुन्हा अटका. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. नाशिक कटाच्या खटल्यात 38 आरोपी उभे राहिले. तुमच्या टेबलावर ते काही क्षण खेळून झाले आहेत, चार महिने अजून कुणी उघडलेलेच नाहीत. पुढचा सेशन थिएटरच्या दारातून बाहेर ढकलल्या जाणाऱ्या गर्दीत सुरू करा. प्रत्येक खेळाडूला एकच प्रश्न विचारा: आत्ता, या घटकेला, तुझ्या घरात असं काय आहे जे सकाळपर्यंत तिथं असून चालणार नाही?

तुम्ही अडकलात त्याचं कारण तुमच्या कल्पनाशक्तीत नाही, नियमांच्या पुस्तकात आहे. तुम्ही डी अँड डी, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, घेऊन बसलात. हा 1974 चा खेळ. त्याच्या मूळ नियमांत अनुभवाचे गुण राक्षस मारल्याचे मिळत आणि बरेचसे लुटलेल्या सोन्याचे. अनोळखी मुलखात शिरायचं, तिथं राहणाऱ्यांना मारायचं, त्यांची संपत्ती घेऊन परत यायचं आणि त्याबद्दल बक्षीस मिळवायचं! ईस्ट इंडिया कंपनीच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याला हा खेळ शिकवावाच लागला नसता. तोच सांगाडा क्रांतिकारकांना चढवला की कलेक्टर हा शेवटच्या खोलीतला राक्षस होतो, आणि राक्षस मेला की गोष्ट संपते. खऱ्या नाशिकमध्ये जॅक्सन गेल्यावर दुसरा कलेक्टर आला आणि कचेरी नेहमीच्या वेळेला उघडली.

या सगळ्या पसाऱ्यात मला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकीचं तिच्यातूनच निघतं. साहेबाचं राज्य मूठभर साहेब चालवत नव्हते. कलेक्टरच्या खाली मामलेदार, शिरस्तेदार, कारकून, फौजदार, गावात पाटील आणि कुलकर्णी, जंगलात राखणदार, दारात चपराशी, अशी ती सगळी आपलीच माणसं होती. म्हणून या खेळात कोणाला मारायचं याला फारसं महत्त्व देऊ नका. कोणाला काय सांगायचं आणि कोणाला काय कळू द्यायचं नाही, यावर सगळा खेळ उभा करा. नियमही त्यावरच हवेत.

मी वापरतो ती पद्धत सांगतो. फासे दोनच, साधे, सहा बाजूंचे. बेरीज 10 किंवा जास्त आली की काम फत्ते. 7 ते 9 आली की काम होतं पण किंमत पडते. 6 किंवा कमी आली की जीएम गोष्टीला वाईट वळण देतो. ही रीत ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या 2010 च्या खेळानं रूढ केली आणि आता डझनावारी खेळ ती वापरतात. नव्या माणसाला ती पाच मिनिटांत समजते. हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे आकडे, काढून टाका, शस्त्रांचे तक्ते फाडून टाका. त्यांच्या जागी तीन गोष्टी आणा: चिठ्ठ्या, चाहूल आणि घर.

चिठ्ठ्या म्हणजे गुपितं. टेबलावर प्रत्येक गुपिताची एक चिठ्ठी: ‘पेटी कोणाच्या माडीवर आहे’, ‘मुंबईचा निरोप कोण आणतं’, ‘पत्रकं कुठल्या छापखान्यात छापली’. ज्या पात्राला ते कळलं त्याचं आद्याक्षर चिठ्ठीवर पडतं. पात्र पकडलं गेलं की खेळाडूनं दोन फासे टाकायचे आणि त्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक चिठ्ठीमागे एक वजा करायचा. बेरीज 6 च्या खाली गेली तर त्याच्या चिठ्ठ्यांतली एक जीएम न बघता उचलतो, आणि ती सरकारला कळते. कोणती चिठ्ठी जायची हे खेळाडूच्या हातात नाही. ती कशी गेली हे मात्र त्यानंच सांगायचं. मारानं गेली, की फौजदारानं गोड बोलून काढली, की मित्राची खोटी जबानी दाखवून फसवलं, की आईला कोठडीच्या दाराशी आणून बसवलं म्हणून गेली. इथं माझा एक कडक नियम आहे: बोललेल्या पात्राला टेबलावर कुणी गद्दार म्हणायचं नाही, जीएमनं तर नाहीच. कोठडीत काय होतं ते बाहेर बसलेल्यानं ठरवू नये.

हा नियम हवेतून काढलेला नाही. लंडनहून 20 ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यात घालून हिंदुस्थानात आणणारा चतुर्भुज अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला. एवढी मोठी जोखीम पत्करलेला माणूसच फुटतो, तेव्हा ‘शूर’ आणि ‘भित्रा’ असे दोन कप्पे करून तुमचं भागणार नाही. चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केल्यावर दोन-तीन सेशनमध्येच एक गंमत दिसेल. एखादा खेळाडू दुसऱ्याला मध्येच थांबवून म्हणेल, “थांब, मला सांगू नकोस.” तो क्षण आला की समजा गट खेळात शिरला. इथं मैत्रीचा पुरावा काही वेगळाच असतो, आणि तो फासे टाकून मिळत नाही.

चाहूल हा 0 ते 10 चा सगळ्यांसमोर ठेवलेला पट्टा. मंडळाच्या प्रत्येक उघड हालचालीनं तो वर सरकतो. तिसऱ्या घराला नाक्यावर नावं विचारली जातात, सहाव्याला झडत्या सुरू होतात, नवव्याला गावाच्या खर्चानं जादा पोलीस बसतात. जादा पोलिसांची शिक्षा खरी आहे. 1897 मध्ये रँडच्या वधानंतर पुण्यावर ती बसली होती. खेळात ती फार कामाची आहे, कारण तिचा भुर्दंड मंडळावर पडत नाही, शेजाऱ्यांवर पडतो. कालपर्यंत तुम्हाला पाहून हळूच मान हलवणारा भुसारी दुकानदार आता तुम्हाला पाहिलं की दुकानाची फळी ओढतो. सरकारनं त्याला तुमच्याविरुद्ध एक शब्दही सांगितलेला नसतो. फक्त वर्गणीचा आकडा सांगितलेला असतो.

घर हे तिघांतलं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि बहुतेक तयार खेळांत ते नसतंच. प्रत्येक पात्राच्या शीटमागे, म्हणजे त्याची माहिती लिहिलेल्या कागदामागे, दुसरं शीट असतं. घरात कोण आहे, उत्पन्न कशाचं, कोणाचं लग्न ठरायचंय, कोणाकडून किती उसने आणलेत. पात्र तुरुंगात गेलं, फरार झालं किंवा मेलं की खेळाडूनं तेच शीट उलटं करायचं आणि घरातलं माणूस खेळायला घ्यायचं. बाबाराव सावरकरांना जून 1909 मध्ये जन्मठेप झाली ती कविता छापल्याच्या आरोपावरून, आणि सोबत मालमत्ता जप्तीची शिक्षाही झाली. म्हणजे शिक्षा एकाला आणि भांडीकुंडी सगळ्यांची. नाशिकच्या या सगळ्या इतिहासात मला कायम वाटत आलंय की खरा लांबलचक भाग घरात राहिलेल्यांनी खेळला. कोण दार उघडतं, कोण ‘नंतर या’ म्हणतं, कुठल्या नातेवाइकाच्या पत्राचं उत्तर येत नाही. खेळायला हे प्रसंग पिस्तुलापेक्षा अवघड आहेत आणि टेबलावर जास्त शांतता आणतात. शिवाय फायदा असा की पात्र गेलं म्हणून कुठलाच खेळाडू मोबाइल बघत बसत नाही.

आता पात्रांबद्दल. तुमच्या गटातली पाचही पात्रं मंडळातली शपथबद्ध तरुण मुलं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. पाचातली दोन ठेवा. उरलेली तीन कडेची घ्या. थिएटरच्या दारावर तिकिटं तपासणारा, टांगेवाला, आणि माझं कायमचं लाडकं पात्र म्हणजे कलेक्टर कचेरीतला नक्कल-कारकून. संध्याकाळी त्याच्यापुढे अटकेच्या नावांची यादी येते. रात्रीतून तिच्या चार प्रती करायच्या आहेत. पाचव्या ओळीत त्याच्या मावसभावाचं नाव आहे. तो काय करू शकतो? बापाचं नाव चुकवून लिहू शकतो, म्हणजे एक-दोन दिवस मिळतात. शाई सांडू शकतो. आजारी पडू शकतो, मग ते काम शेजारच्या टेबलावर जाईल आणि तिथला माणूस कसा आहे हे त्याला चांगलं ठाऊक आहे. किंवा मुकाट्यानं सुबक अक्षरात नक्कल करू शकतो, कारण पगार 1 तारखेला होतो. या एका प्रसंगावर मी अख्खा सेशन चालताना पाहिलाय, आणि त्यात कुणी खुर्चीवरून उठलंही नाही. त्याच्या हातात शस्त्र म्हणाल तर फक्त एक टाक.

साहेबांचं काय? त्यांना क्रूर, मिशाळ, मोडकंतोडकं हिंदी बोलणारे करू नका. तो मसाला आपल्या सिनेमांनी पुरेसा वाटून झाला आहे. जॅक्सन संस्कृत जाणणारा होता, लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याच जॅक्सननं बाबारावांचा खटला पुढे पाठवला. आता हा माणूस टेबलावर आणून बघा. तो पात्राच्या आजोबांना आदरानं नमस्कार करतो, श्लोकाचा अर्थ विचारतो, शाळेला पुस्तकं देतो आणि दुसऱ्या दिवशी समन्सवर सही करतो. वाईट माणसाचा राग करायला खेळ लागत नाही. चांगल्या वागणुकीच्या माणसाच्या हातून चाललेलं परकं राज्य कसं नाकारायचं, हे पात्रांना ठरवावं लागलं की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

तुम्ही ‘डॉग ईट डॉग’बद्दलही विचारलंय. वसाहतवादावर यापेक्षा धारदार छोटा खेळ मला माहीत नाही. एक खेळाडू सगळी राजवट होतो, बाकीचे बेटावरचे रहिवासी. गटात जो सगळ्यांत श्रीमंत त्यानं राजवट घ्यायची, असं नियमच सांगतो. त्यावरून आपल्याकडे अर्धा तास हसण्यात जातो आणि नंतर कुणी हसत नाही. पहिला लिखित नियम असा की रहिवासी हे राज्यकर्त्यांपेक्षा हीन आहेत, आणि प्रत्येक प्रसंगानंतर त्या नियमांत नवी भर पडत जाते. एकदा जरूर खेळा, मोठी मोहीम, म्हणजे बरेच सेशन चालणारी गोष्ट, सुरू करण्याआधी तर नक्की. पण तो काही तासांत संपणारा खेळ आहे, आणि त्यात मधली माणसं, आपले ते कारकून-पाटील, फारसे दिसत नाहीत. नाशिकची मोहीम त्यावर उभी राहणार नाही. ‘स्पिरिट आयलंड’ हा 2017 चा बोर्ड गेम, त्यात बेटाची दैवतं होऊन आक्रमकांना हाकलायचं. डोकं लावायला झकास, पण तिथं गोष्ट सांगायला जागा कमी. तुमच्या कामाचा नाही.

इतिहास बदलावा का? माझं मत: ज्यांची नावं लोकांच्या घरांत भिंतीवर आहेत त्यांना पात्र म्हणून खेळाडूंच्या हाती देऊ नका. कान्हेरे कुणी ‘खेळू’ नये. एकतर खेळाडू भीतीनं पुतळ्यासारखं बोलायला लागतो, नाहीतर चेष्टा करतो, आणि दोन्ही वेळा टेबल अवघडतं. ज्ञात घटना हवामानासारख्या ठेवा: त्या येतात, तुम्ही त्यांच्या खाली उभे असता. त्यांच्या आजूबाजूला मात्र मोकळीक अमर्याद आहे. त्या रात्री थिएटरात शेकडो लोक होते आणि त्यातल्या बहुतेकांचं काय झालं याची कुठं नोंद नाही. ती सगळी जागा तुमची. आजच्या पक्षांचं राजकारण टेबलावर आणायचं नाही एवढं आधी ठरवून टाका. सावरकर हे नाव निघालं की नाशिकमध्ये दोन माणसांत तीन मतं असतात. ती चहाच्या सुट्टीत मांडा, हवी तेवढी.

तुम्ही 1909 पाशीच का अडून बसलात, हेही मला विचारायचं आहे. जिल्ह्यात त्याआधीचं आणि नंतरचं पुष्कळ पडलंय. भागोजी नाईक घ्या. हा भिल्ल पुढारी आधी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होता. 1855 मध्ये दंग्याबद्दल शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. 1857 मध्ये सरकारनं सरसकट हत्यारं जमा करायचा हुकूम काढला आणि तो सिन्नरजवळचं आपलं नांदूर शिंगोटे गाव सोडून माणसं घेऊन डोंगरात गेला. 4 ऑक्टोबरला नांदूर शिंगोटेजवळच्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्री मारला गेला. भागोजी पडला तो 1859 च्या नोव्हेंबरात, मिठसागरला, फ्रँक सॉटरच्या हल्ल्यात. हाच सॉटर पुढे मुंबईचा पोलीस कमिशनर झाला. सरकारची वर्दी घातलेल्या माणसालाच हत्यार खाली ठेव म्हणून सांगणं, याहून चांगली सुरुवात कुठल्या मोहिमेला मिळणार?

आणि आता गाठ बघा. भागोजीच्या माणसांमागे डोंगरात कोणाला पाठवायचं, तर डोंगर माहीत असलेल्यांना. म्हणून कॅप्टन नटॉलच्या हाताखाली महादेव कोळ्यांची पलटण उभी केली गेली. ज्यांच्या बंडाच्या पुढाऱ्याला, राघोजी भांगरेला, 2 मे 1848 रोजी याच सरकारनं ठाण्यात फाशी दिलं होतं, त्याच जमातीचे लोक दहा वर्षांच्या आत सरकारी भाकरीवर. त्याआधी 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात भिल्लांची पलटण काढली होती, तीही भिल्लांच्याच बंडांवर उतारा म्हणून. टेबलावर एक खेळाडू भागोजीच्या टोळीत आणि दुसरा कोळ्यांच्या पलटणीत ठेवा, दोघं एकाच बाजाराला जाणारे. बंडवाल्याला पलटणवाला शत्रू वाटेल. पलटणवाल्याला आपण दुष्काळात पोरं जगवतोय असं वाटेल. दोघांचंही खरं असतं. जीएमनं फक्त पावसाळा, धान्याचे भाव आणि सॉटरची फौज पुढे सरकवत राहायचं.

एक विनवणी मात्र आहे. शहरातल्या मुलांनी भिल्ल किंवा कोळी पात्र घेतलं की आवाज जाड करून ‘आदिवासी बोली’ काढायची नाही. ती टीव्हीवरून शिकलेली असते आणि ऐकवत नाही. आपल्या नेहमीच्या मराठीत बोला. पात्राला काय ठाऊक आहे, कोणती वाट, कोणतं पाणी, कोणाचं देणं, यातून माणूस उभा करा.

माझ्या मते सगळ्यांत श्रीमंत साल मात्र 1930. इथं जरा थांबतो, कारण या सालानं माझे खेळ बदलले. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला. त्यानंतर दहाच दिवसांनी, 12 मार्चला, गांधीजी दांडीला निघाले. त्याच वर्षी बागलाणात जंगल सत्याग्रह झाला, राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडायचा. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, तीन वेगळे ‘आम्ही’ आणि तीन वेगळे ‘ते’.

आता पंचवटीतला तो दिवस टेबलावर मांडा. मंदिराच्या चारही दरवाजांशी सत्याग्रही बसलेत. दरवाजे आतून बंद. बंद कोणी केलेत? साहेबांनी नाही. बाहेर पोलीस उभे आहेत, ते सरकारचे, आणि ते बंद दाराचीच राखण करतात, कारण सरकारला शांतता हवी आहे आणि शांतता म्हणजे आहे ते तसंच राहणं. माझ्या मोहिमेत मी 1909 च्या मंडळातल्या एका पात्राला इथं एकवीस वर्षांनी परत आणतो. तुरुंगवास भोगून आलेला, गावात मान असलेला, उद्या मिठाच्या सत्याग्रहातही जाऊ इच्छिणारा. आणि तो दाराच्या आत आहे. बाहेर बसलेल्यांत त्याच टांगेवाल्याचा मुलगा आहे ज्यानं 1909 च्या रात्री जीव धोक्यात घालून त्याला गावाबाहेर सोडलं होतं. मी खेळाडूंना उपदेश करत नाही. फक्त त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि जुनी उसनवारी पुन्हा टेबलावर ठेवतो, आणि विचारतो, दार कोण उघडणार? कधी उघडतं, बहुतेकदा उघडत नाही. प्रत्यक्षातही सत्याग्रह वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची जी घोषणा केली तिच्यामागे हेही होतं. पात्रांची जात शीटवर लिहायची की नाही, असं मला पुष्कळदा विचारतात. लिहायची. 1909 च्या नाशिकमध्ये पाणी कोणत्या घाटावर भरायचं हेसुद्धा त्यावरून ठरत होतं, मग गुप्त बैठक कुणाच्या ओसरीवर होणार आणि तिथं कोण बसू शकणार, हे कसं ठरणार नाही?

अशा प्रसंगांसाठी टेबलाच्या मध्यभागी एक कागद ठेवा, त्यावर मोठी फुली. कुणीही, कारण न सांगता, त्याला हात लावला की प्रसंग तिथंच कापायचा आणि पुढे जायचं. जगभर टेबलांवर ही रीत चालते. आपल्याकडे पहिल्यांदा लोकांना ती नाजूकपणाची वाटते. कोठडीतली मारहाण आणि मंदिराच्या दारातला अपमान, या दोन ठिकाणी मी ती वापरली जाताना पाहिली आहे आणि दोन्ही वेळा ती योग्य होती.

साहित्य फार लागत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड, 1883 चा, नाशिक जिल्ह्यावरच आहे. रस्ते, आठवडी बाजार, भाव, घाट, किल्ले, सगळं त्यात सापडतं. जीएमला यापेक्षा चांगलं सेटिंग-बुक, म्हणजे खेळातल्या जगाची माहिती देणारं पुस्तक, मिळणार नाही, फक्त ते साहेबांनी साहेबांसाठी लिहिलंय हे विसरायचं नाही. बंडखोर त्यात नेहमी ‘दरोडेखोर’ असतो. मी त्याचाच नियम केला आहे. प्रत्येक सेशनच्या शेवटी मी घडलेल्या गोष्टीचा सरकारी अहवाल वाचून दाखवतो, दहा ओळींचा, कोरडा, नावांची वाट लावलेला. तुमच्या तीन तासांच्या जिवावरच्या उठाठेवीचं त्यात ‘किरकोळ गडबड, बंदोबस्त समाधानकारक’ एवढंच झालेलं असतं. लोक चिडतात आणि पुढच्या वेळी वेळेवर येतात. गावातल्या जुन्या वाचनालयात, सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, एक दुपार घालवा. आणि मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर एखादी चिठ्ठी मोडीत लिहून घ्या. टेबलावर ती एकालाच वाचता आली की बाकीच्यांना त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, त्याचा भाव आपोआप वधारतो.

कॅफेत खेळत असाल तर आवाज बेतानं. कॉलेज रोडवर “पिस्तुलं तुझ्या माडीवरून हलव” असं कुणी ओरडलं की शेजारच्या टेबलाची कॉफी थांबते. घरी किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये बरं.

बहिणीला घ्या. चौदा हे वय लहान नाही. मंडळातली खरी मुलंही फार मोठी नव्हती, कान्हेरे स्वतः विशीच्या आतला होता. फक्त तिला ‘निरोप्या मुलगा’ वगैरे उपपात्र देऊ नका, मोठी माणसं नेहमी तेच करतात. घराचं शीट तिच्याकडे द्या, झडतीच्या सकाळचं. भाऊ रात्री घरी आलेला नाही, फौजदार ओसरीवर बसलाय, पाणी मागतोय, आणि मागच्या दारानं काय बाहेर काढायचं आणि कोणाच्या हाती द्यायचं हे तिला ठरवायचंय. कोठडीचे प्रसंग ती टेबलावर असताना पडद्यामागे ठेवा, निकाल तेवढा सांगा. आणि तिचा पहिला फासा पडेपर्यंत तिला कुणी सल्ला देणार नाही, हे इतर सगळ्यांकडून आधीच कबूल करून घ्या. नाहीतर नियम समजावण्याच्या नावाखाली तिचा सगळा सेशन तेच खेळून टाकतील.